आमच्या अंगणातली हजेरी

॥ श्री ॥

मु. पिंपरेवाडी, ता. वाळवा
२१ ऑगस्ट १९४९

चि. जोतीरामास आक्काचा पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र नागपंचमीच्या आधीच पोचलं होतं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. दुपारी जरा निवांत बसावं म्हटलं की कुणीतरी हाक मारतंच. तुझ्या पलटणीकडच्या डोंगरातल्या थंडीबद्दल वाचून काळजी वाटली. लोकरीचे मोजे विणायला घेतले आहेत. एक झाला, दुसरा अर्धा आहे.

इकडे सगळी खुशाल आहेत. कृष्णेचं पाणी दोनदा नदीकाठच्या मळीत चढलं आणि उतरलं. ऊस पिवळा पडला होता, तो आता सावरलाय. तांबडी म्हैस व्याली, रेडी झाली. माझ्या सासूबाईंना, आत्याबाईंना, डाव्या डोळ्यानं दिसेनासं झालंय. जीभ मात्र दोन्ही बाजूंनी शाबूत आहे. परवा मला म्हणाल्या, "येक डोळा गेला ते बरंच झालं. आता तुजा निम्माच पसारा दिसतोय."

यापुढे पाकिटावर 'जिल्हा दक्षिण सातारा' असं घालत जा. सातारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि आपण सांगलीकडे गेलो. आत्याबाई विचारतात, "म्हंजी घर हललं का काय?"

आता खरी बातमी. गेल्या आठवड्यात हजेरी बंद झाली.

तुला वेगळं सांगायला नको. आई गेल्यावर तू माझ्याकडे राहायला आलास, तेव्हा सोप्यावरच्या खांबाला टेकून रोज तेच बघायचास. दिवेलागणीला रामोसवाड्यातली माणसं ओळीनं यायची, पाटील म्हणून तुझे दाजी पायरीवरून एकेकाचं नाव घ्यायचे, आणि ज्याचं नाव येईल त्यानं "हाय जी" म्हणायचं. कधीमधी हजेरी चावडीवर व्हायची, पण बेचाळीस साली चळवळीत चावडी जळाली तेव्हापासून ती कायमची आपल्याच अंगणात आली. मी आत चुलीपुढे असे. भाकरी थापता थापता कुणाचं नाव कधी येणार ते मला पाठ झालं होतं. कुणाला खोकला झालाय, कुणाचा आवाज आज रडवेला आहे, हेही कळायचं. आणि तरी, जोती, मला त्यात कधी काही वावगं दिसलं नाही. सांज झाली की गुरं येतात, दिवा लागतो, हजेरी होते, इतकंच.

गेल्या शनिवारी मामलेदार कचेरीतून माणूस आला. जन्मानं चोर ठरवणारा कायदा सरकारनं रद्द केला होता. तुझ्या दाजींनी त्याच ओळीपुढे उभं राहून ते सांगितलं. आधी कुणाला समजेचना.

"मंग उद्या सांजंला यायचं न्हाई?"

"न्हाई."

"आन् परगावला जायचं आसंल तर दाखला?"

"त्यो बी न्हाई."

मागून कुणीतरी म्हणालं, "मंग आमी हाय का न्हाई, ते कळायचं कसं?" सगळे हसले. दाजीही हसले असावेत. मला आतून नीट दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सांजेला दगडाबाई आली. तुझ्या पलटणीतल्या अर्जुनाची आई. एकटीच येऊन तिच्या नेहमीच्या जागी उभी राहिली. मी बाहेर येऊन म्हटलं, "दगडाबाई, आता नाही यायचं." ती खजील झाली. "काय करू पाटलीनबाई, पाय आपसूक आलं." तिसऱ्या दिवशी पुन्हा आली. चौथ्या दिवशी मीच फाटकापाशी गेले आणि तिला पानसुपारी दिली, म्हणजे येण्याला काही कारण होईल. त्यानंतर मात्र ती आली नाही.

अर्जुना मजेत आहे. सांगली-कराड रस्त्यावर कुणाची तरी मालमोटार चालवतो. वाटेत दिसला की तुझी चौकशी केल्याशिवाय पुढे जात नाही. तू सांगितलेली गोष्ट त्याच्याकडूनही ऐकली. लढाईच्या वेळी इटलीत गोऱ्यांच्या कँटीनच्या दाराशी तुम्ही दोघं हातात मग घेऊन उभे होतात, आणि दारावर पाटी होती की काळ्यांना आत मज्जाव. तेव्हा हा तुला म्हणाला होता, "जोतीराम, आपल्या गावची चावडी हितं कुणी आणली रं?"

तू सांगितलंस तेव्हा मी हसले होते. त्याच्या तोंडून ऐकताना मला हसू आलं नाही.

दिवाळीला रजा मिळते का बघ. तीन वर्षं झाली, माझी भाऊबीज तशीच राहते. मागल्या वेळी जे झालं ते झालं. ज्याच्यापायी झालं ती गोष्टच आता उरली नाही.

दाजींशी तुझ्या येण्याबद्दल अजून बोलले नाही. बोलेन.

तुझी,
आक्का


॥ श्री ॥

पिंपरेवाडी
६ नोव्हेंबर १९४९

चि. जोतीरामास आशीर्वाद.

मनिऑर्डर पोचली. तू आला नाहीस आणि ओवाळणी मात्र आली. तुझ्या नावानं मी चंद्राला ओवाळलं आणि तुझ्या वाटच्या करंज्या तुझ्या भाचीनं, अंजनीनं संपवल्या. मोजे पाठवते आहे. दुसरा पहिल्यापेक्षा थोडा लांब झालाय. लांबडा डाव्या पायात घाल, लहानपणी तुझा डावा जोडा नेहमी घट्ट व्हायचा.

भुईमूग काढणीला आला आहे. यंदा शेंग भरली आहे, पण काढायला बाया नाहीत. त्याचं कारण सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागेल.

दसऱ्यानंतर नाथाजीरावांचं गुऱ्हाळ सुरू झालं. तू त्यांना ओळखतोस, वरच्या आळीतले, मिशीला तूप लावणारे. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या गुऱ्हाळातल्या गुळाच्या ढेपा चोरीला गेल्या. सकाळी गाव जमा झालं. गुऱ्हाळावर राबणारी माणसं परगावची होती, वाटेनं गाड्यांची ये-जा होती, आदल्या दिवशी कराडचा दलाल येऊन गेला होता. पण चोर कोण, हे ढेपा मोजायच्या आधीच ठरलं होतं.

"हजेरी काडली, बगा लगीच," नाथाजीराव म्हणाले. "सरकारनं काडली आसंल. गावानं कुटं काडलीय?"

आणि 'गावची हजेरी' सुरू झाली. कायदा नाही, कागद नाही, गावानं ठरवलं म्हणून. जो येणार नाही त्याला वाण्याकडे मीठ नाही, चक्कीत दळण नाही, कुणाच्या रानात काम नाही.

खरी गोम मला अर्जुनाकडून कळली. मार्गशीर्षात ग्रामपंचायतीची निवडणूक आहे. या खेपेला रामोसवाड्यातल्या बाया-बापड्यांनाही मत आहे, आणि अर्जुना उभा राहिला आहे. मी त्याला म्हटलं, "अरे, चोरीचा आणि निवडणुकीचा काय संबंध?" तो फाटकाबाहेरच उभा होता. आत ये म्हटलं तरी आला नाही. म्हणाला, "पाटलीनबाई, जो रोज सांजंला 'हाय जी' म्हनतोय, त्यो मताच्या दिशी 'न्हाई जी' कसा म्हनंल? नाथाजीरावांना गूळ नगं हाय. त्यास्नी आमची मान पायजे, खाली घातलेली."

मी त्यावर खूप विचार केला, जोती. दिल्लीत म्हणे घटना लिहून होत आली आहे. सगळ्यांना एक मत, राजाला एक आणि रंकाला एक. आणि इथे आमच्या अंगणात रोज सांजेला काही माणसांना शिकवलं जातंय की तुमची गिनती होते ती मोजून कोंडायला, विचारायला नव्हे. हे दोन्ही एकाच वेळी कसं चालेल? हजेरीची सवय लागलेला माणूस पेटीपुढे उभा राहूनही कुणाच्या तरी हाकेची वाट बघेल. आणि हाक मारायची सवय लागलेला? त्याचं काय होत असेल?

हे असं थांबतही नाही. दरवर्षी दिवाळीनंतर आटपाडीकडची हरणाबाई आणि तिची माणसं मेंढरं घेऊन येतात, आपल्या रानात बसवतात. यंदा त्यांना वेशीवरूनच परत लावलं. "आता कुनाचा भरवसा न्हाई," म्हणे. मेंढरं गेली, खत गेलं. परवा विहिरीवर दोन सख्ख्या जावा एकमेकींच्या कळशीकडे संशयानं बघत होत्या.

रामोसवाडा आठवडाभर आला नाही. मग लेकरांच्या पोटाला भाकर मिळेना, तेव्हा एकेक जण येऊ लागला. शेवटी दगडाबाईही आली. जुन्याच जागी. अर्जुना आला नाही. त्याच्या घराची चूल सांगलीहून आणलेल्या पिठावर चालते, तेही त्याची मोटार ज्या दिवशी इकडून जाईल त्या दिवशी.

दाजी काय म्हणतात, हे तू विचारशील. विचारू नकोस असं लिहिणार होते. पण मग हे पत्र कशाला लिहायचं?

हजेरी तेच घेतात. पहिल्या दिवशी मी विचारलं, "हे कशापायी?" म्हणाले, "गावाचा सबूद हाय. पाटलानं गावाबाहेर जायाचं का?" तुझे दाजी वाईट नाहीत. कुणाच्या अंगावर हात टाकलेला मी पाहिला नाही. प्लेगच्या वर्षी रामोसवाड्यात औषधं घेऊन हेच गेले होते. पण त्यांच्या वडलांनी, आबांनी, त्या पायरीवर उभं राहून नावं घेतली, आज्यानं घेतली. त्या पायरीवरून खाली उतरलं की आपण कोण, हे त्यांना ठाऊक नाही. तीन वर्षांमागे तू अर्जुनाचा हात धरून त्याला ओळीतून बाहेर काढलंस, त्या रात्री जेवताना ते तुला म्हणाले, "पाहुण्यानं पाहुण्यावानी ऱ्हावं." तू ताटावरून उठून गेलास. त्यांनीही त्या दिवशी जेवण केलं नाही, हे तुला कुणी सांगितलं नसेल.

आता जे लिहायचं टाळते आहे ते लिहिते.

परवाच्या गुरुवारी दिवेलागणीला अंजनी अंगणात पोरींबरोबर हजेरी-हजेरी खेळत होती. हा खेळ तू पाहिलायस. अंजनी पायरीवर होती. पाटलाची पोर, ती नेहमीच पायरीवर. खाली अर्जुनाची धाकटी मुलगी उभी. अंजनीनं तिचं नाव घेतलं, ती म्हणाली, "हाय जी." मग अंजनी म्हणाली, "मान खाली घालून म्हन." कुणी शिकवलं तिला? कुणीच नाही. सोप्यावर बसून बघून शिकली.

तेवढ्यात खरी माणसं आली, पोरी पांगल्या. मी देवापुढे दिवा लावला, डोक्यावरचा पदर पुढे ओढला, पायरी उतरले आणि दगडाबाईच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

दाजींना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा म्हणाले, "काय पायजे?"

"काय नगं. माजं बी नाव घ्या."

"घरात जा."

"गावची हजेरी हाय न्हवं? मी बी गावचीच."

दगडाबाई माझा पदर ओढून पुटपुटत होती, "नगं गं माय, नगं, आमालाच भोवंल." दाजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. जोती, तुला ठाऊक आहे, आपल्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. 'अगं', 'ऐकलं का', फार तर 'अंजनीची आई'. लग्नातला एक उखाणा सोडला तर माझं नाव ह्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. आणि चार माणसांत, अंगणात, पायरीवरून? ते त्यांना जमण्यासारखंच नव्हतं.

तिथे उभं असताना मला एक उमगलं. माझं नाव मानापायी झाकून ठेवलेलं आणि दगडाबाईचं नाव रोज सांजेला उघड्यावर टाकलेलं. दोन्ही नावं आमच्या मालकीची नव्हती.

ते मागे वळून घरात गेले. त्या दिवशी हजेरी झाली नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा उभी राहिले. ते पायरीवर आलेच नाहीत. माणसं अंधार पडेपर्यंत थांबली आणि गेली.

तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. ताट वाढते, जेवतात. पाणी लागलं तर तांब्या नुसता सरकवतात. मी झोपायला आत्याबाईंच्या खोलीत जाते. इकडची सगळी खुशाल आहेत असं मी पत्राच्या सुरुवातीला लिहिलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

मला भीती वाटते आहे. या वयात माहेर म्हणजे तुझी बराक. तू रागावून इकडे धावू नकोस. तू आलास तर हे तुमच्या दोघांचं भांडण होईल आणि अर्जुना पुन्हा ओळीतच राहील.

उद्या सांज होईल. मी पायरी उतरणार आहे.

तुझी आक्का


पिंपरेवाडी
११ डिसेंबर १९४९

जोती, बाळा, आशीर्वाद.

तुझं पत्र चुलीपुढे बसून वाचलं. 'आक्का, तू उभी आहेस म्हणजे मीच उभा आहे' असं लिहिलंस, ते वाचताना भाकरी करपली. आत्याबाई म्हणाल्या, "भावाचं पत्र आलं की घरादाराला कोळसा खावा लागतोय."

सगळं क्रमानं सांगते.

माझ्या उभं राहण्यानं पहिले काही दिवस फक्त बोलणी खाल्ली. धाकट्या जाऊबाई, धोंडुबाई, नदीवर सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आमच्या घराचं नाक कापलं तुमी. पाटलीनबाई रामोशांच्या वळीत!" मी काही बोलले नाही, धुणं आपटत राहिले. आणि चारच दिवसांनी बघते तो सांजेला धोंडुबाई माझ्या डाव्या बाजूला उभ्या. तोंड फुगवलेलं, कमरेला पदर खोचलेला.

"तुमी कशा?" मी विचारलं.

"मला तुमची ती घटनाबिटना काय कळत न्हाई," त्या म्हणाल्या. "माज्या शेंगा जिमिनीत कुजाय लागल्यात. दरसाल आमी त्यांच्या कोरडवाहू तुकड्यात खुरपाय जातो, त्या आमच्या शेंगा काडाय येत्यात. सावड हाय ती आमची. नाथाजीरावाला इचारून केली न्हवती, आन् त्याला इचारून मोडनार बी न्हाई."

सावडीचं मी विसरलेच होते. पुरुषांच्या पंचायतीला आमची सावड कधी दिसलीच नाही. बायका एकमेकींच्या रानात दिवसाला दिवस फेडतात, त्यात वरची आळी, खालची आळी कुणी बघत नाही. पाणी वेगळं पितात, तेही खरं. अजूनही वेगळंच पितात, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण पाठी एका रेषेत वाकलेल्या असतात. धोंडुबाईंनी ते बोलून दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी मनुबाई आली, तिच्यामागून सुताराची सून, मग कासाराची म्हातारी. कुणी शेंगांसाठी, कुणी नवऱ्यावरच्या रागानं, कुणी नुसती गंमत बघायला. अंगण भरायला लागलं. उभं राहून पाय दुखतात म्हणून बायका बसू लागल्या. बसल्यावर बोलणं आलंच. वाणी मापात मारतो, शाळेचं छप्पर गळतं, खालच्या आळीला विहिरीचा रहाट कधीचा मोडलाय. दगडाबाईनं आयुष्यात पहिल्यांदा त्या अंगणात सगळ्यांदेखत "हाय जी" सोडून दुसरं काही म्हटलं. म्हणाली, "रहाट मोडला तवापास्नं माजी सून पोटुशी आसून नदीवर जातीया." सगळ्या तिच्याकडे वळल्या. मग कासाराची म्हातारी म्हणाली, "मंग आधी बोलली का न्हाईस गं?" दगडाबाई म्हणाली, "इचारलं कुणी?"

पुरुषही कडेकडेनं थांबायला लागले. दाजी आत चुलीजवळ बसून असत, दाराआड. ऐकत असणारच. जिथे बसून मी इतकी वर्षं ऐकलं, बरोबर तिथेच.

मग नाथाजीराव आले. निवडणूक आठवड्यावर आली होती. अंगणातून वाट काढत पायरीपाशी गेले आणि मोठ्यांदा म्हणाले, "पाटील! आवं, हजेरी घेताय का हळदीकुंकू? घरच्या बायका आवरा की जरा."

आतून काठीचा आवाज आला. आत्याबाई. अंजनीचा हात धरून पायरी उतरल्या, आणि एक डोळा नाथाजीरावांवर रोखून म्हणाल्या, "सर बाजूला. मला हुबं ऱ्हायाला जागा दे."

दगडाबाईनं पटकन आपल्या अंगावरचं पटकूर खाली अंथरलं. आत्याबाईंनी ते एका डोळ्यानं नीट पाहिलं. त्या कधी कुणाच्या अंथरुणाला शिवल्या नाहीत. मग टेकल्या त्यावर हाश्शहुश्श करत. "सरक थोडी," दगडाबाईला म्हणाल्या, "तू बी बस. आसं हुबं ऱ्हाऊन माजा उजेड आडवू नगंस."

आणि मग हाक मारली, "आकाराम! भाईर ये. माजं नाव घे."

तुझे दाजी दारात आले. मी खाली मान घातली होती, मग वर केली.

"आई, काय मांडलंय ह्ये?"

"घे की नाव. तानुबाई. तुज्या बानं कदी घेतलं न्हाई, त्यो मला 'आवं' म्हनायचा. आता तू घे. येवढी वर्सं जगले, येकदा तरी कुनीतरी वळीत मोजू दे. न्हाईतर सांग त्या नाथाजीला, का रं बाबा, माजी आई सोडून बाकीच्या आया चोर हायत."

नाथाजीराव म्हणाले, "म्हातारे, तुज्याबद्दल कोन बोलतंय?"

"मंग कुनाबद्दल बोलतोस? नाव घे त्याचं. दावून दे त्यानं गूळ न्हेताना. न्हाई ना? मंग जातीचं नाव घिऊ नगंस."

दाजी पायरीवर उभे होते. हजेरी घेताना उभे राहतात तसेच, डावा हात खांबाला लावून. त्यांनी सगळ्या अंगणावरून एकदा नजर फिरवली. मग माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाहिलं.

"शालूबाई," ते म्हणाले.

पुढचं त्यांना जमेना. पुन्हा सुरुवात केली. "शालूबाई आकाराम पाटील."

मी "हाय जी" म्हणणार होते. तेच म्हणायचं ठरवून इतके दिवस उभी होते. पण माझ्या तोंडून निघालं, "हजर."

त्यांनी मान हलवली. मग त्यांनी पायातल्या वहाणा पायरीवर काढल्या. "आकाराम तुकाराम पाटील," स्वतःचंच नाव घेतलं, आवाज हजेरीचाच होता. आणि पायरी उतरून खाली आले. माझ्या शेजारी नाही. माझ्या शेजारी धोंडुबाई होत्या, त्यांची भावजय. ते ओळीच्या टोकाला गेले, रामोसवाड्यातल्या म्हाताऱ्या कोंडीबाच्या पलीकडे उभे राहिले आणि म्हणाले, "हाय जी."

जोती, मग पायरीवर कुणीच उरलं नाही. सगळं गाव खाली आणि वर रिकामी पायरी, तिच्यावर दोन वहाणा. हजेरी घेणार कोण? नाथाजीराव पायरीकडे बघत होते. वर चढायला कुणी त्यांना अडवलं नव्हतं. पण चढायचं म्हणजे त्या वहाणा बाजूला साराव्या लागल्या असत्या. त्यांनी थोडा वेळ मिशी कुरवाळली आणि निघून गेले.

कोंडीबा हळूच म्हणाला, "पाटील, आता घरला जायाचं का?"

"मला काय इचारतोस?" दाजी म्हणाले. "मी बी वळीतच हाय."

अंगण एवढं हसलं की गोठ्यातली रेडी दचकून ओरडली.

त्या दिवसापासून हजेरी झाली नाही. दळण सुरू झालं, मीठ मिळालं, धोंडुबाईंच्या शेंगा निघाल्या. हरणाबाईला निरोप धाडलाय, मेंढरं घेऊन ये म्हणून.

गूळ कुणी नेला ते अजून कळलेलं नाही. अर्जुनाचे काही दोस्त म्हणत होते, चोर शोधू या, म्हणजे आपण सुटू. अर्जुना म्हणाला, "घावला तर घावला. पन दुसरा चोर घावल्यावरच आमी मानूस ठरनार आसलो तर नगं ते." मला ते फार पटलं.

निवडणुकीत अर्जुना पडला. थोडक्यातच पडला, पण पडला. नाथाजीराव निवडून आले. तुला वाईट वाटेल, मलाही वाटलं. मी त्याला तसं म्हटलं तर तो म्हणाला, "आवं पाटलीनबाई, पडलो तर पडलो. पन आमच्या वाड्यातनं प्रत्येक जण आपल्या पायानं गेला, कुणाला न इचारता. दोघांनी तर मला बी मत दिलं न्हाई. म्हनले, तू हिशेबाचा कच्चा हायस. ह्ये लय झ्याक झालं बगा." त्याला वरच्या आळीतून मतं पडली, हेही सगळ्यांना कळलं. कुणाची ते कुणी बोलत नाही. धोंडुबाई मात्र हल्ली अर्जुनाच्या मोटारीचा कर्णा वाजला की उगीच हसतात.

आणि अंगणातल्या बायका अजून येतात. रोज नाही, शुक्रवारी. आता हजेरीसाठी नव्हे, बोलायला. पहिलं काम रहाटाचं धरलंय. नव्या पंचायतीला खालच्या आळीचा रहाट आधी दुरुस्त करायला लावायचा. नाथाजीराव ऐकतील का, ठाऊक नाही. ऐकले नाहीत तर पुढच्या शुक्रवारी सगळ्या त्यांच्या अंगणात बसणार आहेत. आत्याबाईंनी पटकूर आत्ताच मागून ठेवलंय.

पेपरात आलं की घटना मंजूर झाली, जानेवारीत लागू होणार. मी दाजींना वाचून दाखवलं. आधी वाटायचं, कायदा आला की झालं. आता कळलं, कायदा वरून येतो, पण पायरी ज्याची त्यालाच उतरावी लागते, आणि पुन्हा कुणी वर चढू नये म्हणून जागंही राहावं लागतं. अंजनीचा खेळ बंद पडलाय. पोरी म्हणे सगळ्याच ओळीत उभ्या राहतात, पायरीवर जायला कुणी तयार नाही, आणि मग भांडण होऊन खेळ मोडतो. परवापासून त्यांनी सागरगोटे काढलेत.

तुझ्या दाजींबद्दल विचारलंयस. त्या दिवशी जेवायला बसले तेव्हा मी ताट ठेवलं. खाली बघूनच म्हणाले, "वाटत हुतं, तुजं नाव घेतलं तर जीभ झडंल."

"झडली का?"

"न्हाई," म्हणाले. मग बराच वेळ भाकरी कुस्करत बसले. "आबांना काय वाटलं आसतं, ह्येच डोक्यात हुतं. मंग वाटलं, आबांना तरी कुनी उतरू दिलं आसतं का?" मी त्यांना आणखी एक भाकरी वाढली. अजूनही त्यांची सांज जड जाते. दिवा लागला की पायरीपाशी येतात, खांबाला हात लावतात, आणि मग काहीतरी काम काढून गोठ्यात जातात. पाय आपसूक येतात, दगडाबाईसारखे. मीही परवा त्यांना पानसुपारी नेऊन दिली.

हे पत्र लिहायला बसले तेव्हा दाराशी आले. "जोतीरामला लिवतीस का?"

"व्हय."

"लिव्ह त्याला, संक्रांतीला ये म्हनावं. गेल्या खेपंला ताटावरनं उठला हुता. त्ये ताट वाट बगतंय आजून." जाता जाता पुन्हा थांबले. "आन् अर्जुनाला बी जेवाय बोलवू. त्यो आला तर."

अर्जुना येईल का, मला खरंच माहीत नाही. यायलाच हवं असंही नाही. इतकी वर्षं त्याला बोलावून उभं केलं, आता यायचं की नाही हे त्याचं त्यानं ठरवायचं. पण तू ये. गाडीतून कराडला उतर, अर्जुनाची मोटार बघ, तिच्यातून ये. फाटकापाशी कर्णा वाजवायला सांग त्याला, मोठ्यानं. मी चुलीपुढे असले तरी ऐकेन.

आज पत्राखाली पुरं नाव घालते आहे. हसू नकोस. सवय व्हायला हवी.

तुझी आक्का,
शालूबाई आकाराम पाटील,
हजर.